खारेपाटातून सायकल: रस्ता सपाट, तरी परत येताना दम का निघतो?

मुलुंडची_सायकल
नमस्कार मंडळी. वय ४६, सायकल हाती घेऊन दोन वर्षं झाली. घाट अजून जमत नाही, त्यामुळे सपाट रस्ते शोधत असते. गेल्या रविवारी सकाळच्या पहिल्या रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरले आणि हाशिवरे, शहापूर करत पोयनाडला गेले. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. चढ म्हणाल तर पुलांचे, तेवढेच.

जाताना मजा आली. सरासरी २३ पडली, थांबून फोटोही काढले. पोयनाडला मिसळ खाल्ली, जरा टेकले आणि एकच्या सुमारास परत फिरले. तोच रस्ता, तीच सायकल, तेच पाय, आणि वेग १३! शेवटचे दहा किलोमीटर तर रडकुंडीला आले. ठरवलेली बोट डोळ्यांदेखत सुटली.

प्रश्न असे : सपाट रस्त्यावर एवढी दमछाक कशी? माझ्या तयारीत काही कमी आहे का? २८ चे टायर आहेत, ते बदलू का? आणि एक खरं सांगते, त्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना नुसती रिकामी जमीन. ना झाड, ना टपरी. मन रमवायला काहीच नाही. तुम्ही लोक अशा रस्त्यावर काय बघत चालवता?

चेनतेल
टायरचा काही दोष नाही. वारा.

भटक्या_पेण
+१. ताई, तुमची तयारी उत्तम आहे, वेळ चुकली. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, पण त्यात जोर नसतो. नऊ-दहाला तो पडतो. मग जमीन तापली की अकरा-साडेअकरापासून समुद्रावरून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी दोन-तीनला तो ऐन भरात असतो. आपल्या किनाऱ्यावर तो वायव्येकडून येतो. आता नकाशा काढा. मांडव्याहून पोयनाड आग्नेयेला, म्हणजे परतीचा रस्ता सरळ वायव्येला! तुम्ही निघालात तेव्हा वारा पडलेला होता, आणि परत फिरलात तेव्हा तो पूर्ण जोरात नाकासमोर.

डोंगराळ भागात झाडं, घरं, वळणं वारा अडवतात. खारेपाटात, म्हणजे या खाडीकाठच्या सपाट खारजमिनीत, अडवायला काही नाही. एका बाजूला कनकेश्वरचा डोंगर दिसतो तेवढाच, आणि तोही लांब.

चेनतेल
थोडं गणित मांडतो, म्हणजे ताईंच्या मनातली शंका जाईल. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा नसताना तुम्ही २० ने चालवताय, तर अंगावर २० ची हवा. समोरून २० चा वारा आला आणि तुम्ही २० चाच धरून ठेवायला गेलात, तर अंगावर ४० ची हवा. वेग दुप्पट, रेटा चौपट. बरं, वेग कमी करून १२ वर आलात तरी अंगावर ३२ ची हवा आहेच. रेटा अडीचपट आणि हवा कापायची मेहनत जवळजवळ दीडपट. म्हणजे १२ ने चालवूनही तुम्ही जातानापेक्षा जास्त राबत होतात. १३ ही लाज वाटायची गोष्ट नाही.

उपाय : खाली वाका. हँडलचा खालचा भाग धरा, कोपर आत घ्या. गिअर हलका ठेवा आणि पाय भरभर फिरवा. किलोमीटरच्या आकड्याकडे बघायचंच नाही, श्वासाकडे बघायचं. शक्य असेल तर जोडीदार घेऊन जा. पुढच्याच्या चाकामागे राहिलात तर पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते.

अनघा_पी
खाली वाकण्याबद्दल असहमत. तो रस्ता अरुंद आहे, गुरं मधेच उठून चालायला लागतात आणि पोयनाड-वडखळच्या बाजूला डंपर असतात. हात ब्रेकवरच हवेत. पंधरा मिनिटं वाचवायला जाऊन म्हशीच्या शिंगात जायचं नाही. मी ब्रेकच्या मुठी धरून कोपर वाकवते, छाती खाली जाते आणि बोटंही ब्रेकवर राहतात.

चेनतेल
हे मान्य. डंपरच्या रस्त्यावर अनघाताई म्हणतात तसंच करा. माझा सल्ला मोकळ्या बांधाकाठच्या रस्त्यापुरता.

सान्वी_डेल्फ्ट
धागा वाचून इकडे नेदरलँड्समध्ये बसल्या बसल्या पोयनाडची मिसळ आठवली (माझं आजोळ अलिबाग). इथे सगळा देशच खारेपाट. आले तेव्हा वाटलं, चढ नाही, आता सायकल म्हणजे सुख. पहिल्या नोव्हेंबरात ऑफिसला जाताना वाऱ्याने रडवलं. इथली माणसं वाऱ्यालाच डोंगर म्हणतात आणि तसाच मान देतात. झीलंडमध्ये ऊस्टरस्खेल्डेकेरिंग नावाचं मोठं भरतीरोधक धरण आहे, १९८६ साली पूर्ण झालेलं. त्याच्यावरून ८.५ किलोमीटर उलट्या वाऱ्यात सायकल मारायची राष्ट्रीय स्पर्धा भरते! सायकल साधी, बिनगिअरची, ताठ बसायची, आणि वादळी वारा असेल तरच स्पर्धा. हवामान बघून दोन-तीन दिवस आधी जाहीर करतात.

आडवा वारा असेल तर एकामागे एक न राहता तिरक्या रांगेत चालवतात. वारा डावीकडून असेल तर मागचा माणूस पुढच्याच्या उजव्या हाताला, थोडा मागे. वरून पाहिलं तर उघडलेला पंखा दिसतो, म्हणून डचमध्ये त्याला 'वायर' म्हणतात. तो शब्द पंख्याचाच. पण याला अख्खा रस्ता लागतो. हाशिवऱ्याच्या रस्त्यावर करू नका.

गुरुजी_६१
वाऱ्याचं झालं. आता पाण्याचंही बघा. खाडीकाठी जायचं तर पंचांग खिशात हवं. आमच्या वडिलांनी शिकवलेला हिशेब : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी बाराच्या आत-बाहेर. भरतीपासून सहा तासांनी ओहोटी. मिनिटामिनिटाचा हिशेब नव्हे, पण निघायचं की नाही हे ठरवायला पुरतो.

आता यातली गंमत लक्षात घ्या. उधाण येतं ते पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे उधाणाची मोठी भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच येणार, आणि मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाला. सकाळी कोरडा दिसलेला रस्ता परतताना ओला सापडतो तो यामुळे.

मुलुंडची_सायकल
गुरुजी, आत्ताच कॅलेंडर काढून बघितलं. तो रविवार पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा होता! येताना एका पुलापाशी पाणी रस्त्याच्या कडेला टेकलेलं होतं, जाताना तिथे नुसता चिखल होता आणि चिखलात काहीतरी उड्या मारत होतं. मला वाटलं बेडूक.

भटक्या_पेण
निवट्या! मासा आहे तो, चिखलावर चालतो. पेणच्या बाजाराला या, कालवण खाऊ घालतो.

अनघा_पी
उधाणाचा माझा अनुभव : एकदा उरणच्या बाजूने करंजाला आले आणि लाँचने सायकल घेऊन रेवसला उतरले. दिवसभर फिरून संध्याकाळी साडेपाचला रेवस जेटीवर परत, तर लाँच नाही. अमावास्या होती, पाणी पार खाली गेलेलं. जेटीच्या पायथ्याशी गाळ वर आलेला, लाँच लागणार कुठे? नऊपर्यंत बसून राहिले. जेटीवरच्या एका मावशींनी चहा दिला आणि म्हणाल्या, 'पोरी, आवसेला कुनी सांजचा येतो का गो?' तेव्हापासून गुरुजींचा हिशेब माझ्या फोनला चिकटवलेला आहे.

खारेपाटकर
बरेच दिवस नुसतं वाचत होतो. 'रिकामी जमीन' वाचलं आणि लिहायला बसलो. ताई, राग नाही, तुम्ही परक्या भागातून आलात, तुम्हाला ती रिकामीच दिसणार. पण माझा जन्म तिथला, म्हणून सांगतो.

तुम्ही जिच्यावरून गेलात ती जमीन समुद्राची होती. आमच्या पूर्वजांनी खाडीला बांध घालून ती काढली. माती, दगड, पेंढा आणि खांद्यावरच्या टोपल्या, एवढंच साधन. त्या बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. लाकडी झडप, खाडीच्या बाजूने. भरतीचं पाणी झडपेला बाहेरून ढकलतं आणि ती मिटते. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरलं की शेतातलं पावसाचं पाणी आतून रेटतं आणि तीच झडप उघडते. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. लहानपणी आम्ही उघाडीपाशी बसून ती कधी उघडते याची वाट बघायचो. आधी झडपेच्या कडेने एक बारीक धार येते, मग आतून 'धप्' असा आवाज होतो आणि पाणी सुटतं. त्या पाण्यात आजोबा बोकशी (जाळं) लावायचे, कोळंबी मिळायची.

बांधाला भगदाड पडलं तर त्याला खांड म्हणतात. खेकड्याच्या बिळातनंसुद्धा सुरुवात होते. मोठ्या उधाणात खांड गेली की रातोरात खारं पाणी शेतात. पूर्वी हाकाटी झाली की अख्खं गाव मशाली घेऊन धावायचं. आजा बोलायचा, 'खांड गेली का शेत गेला.' मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात, तोवर चूल कशावर पेटवायची? आता मुलं कामाला पनवेल-मुंबईला, बांधावर जायला माणूस नाही. खांड वेळेत बुजली नाही की शेतात खारफुटी उगवते. ती एकदा आली की कायद्याने तोडता येत नाही. खारफुटी किनारा राखते, मला मान्य आहे. पण सातबाऱ्यावर भातशेती आणि डोळ्यांसमोर तिवरं, हे बघताना पोटात तुटतं. तुम्ही रिकामी म्हणालात त्यातली निम्मी जमीन अशी आहे. ती रिकामी नाही, आमच्या हातून सुटत चालली आहे.

गुरुजी_६१
खारेपाटकर, मनापासून लिहिलंत. आणि पोयनाडला जाऊन चरी गावाचं नाव कुणी काढलं नाही म्हणून मी काढतो. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीच्या सभेत शेतकऱ्यांनी संप पुकारला. खोतांची जमीन कसायची नाही! नारायण नागू पाटलांनी नेतृत्व केलं. आजूबाजूची २५ गावं त्यात उतरली आणि १९३९ पर्यंत, जवळजवळ सहा वर्षं, ती जमीन पडीक राहिली. लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकर १९३४ साली तिथे सभेला आले होते. पुढे १९३९ चा कुळकायदा आला, त्यामागे या संपाचा मोठा रेटा आहे. मांडव्याहून पोयनाडपर्यंत सायकलने आलात तर आणखी थोडं पुढे चरीपर्यंत जा. तिथे उभं राहून ती शेतं बघा.

चेनतेल
हे माहीतच नव्हतं. त्या रस्त्याने दहा वेळा गेलोय आणि दर वेळी आकडा बघत बसलोय.

दिवाडकार
गोंयांतसून नमस्कार. आमच्या खाजनाची, म्हणजे बांध घालून काढलेल्या खारजमिनीची, तीच कथा. बांध तोच, तुमच्या उघाडीला आम्ही 'मानस' म्हणतो. मानशीच्या आत खोलगट जागा असते ती 'पोय', तिथे मासळी. पावसात कोरगुट भात, खारं पाणी सोसणारं. सायकलवाल्यांना सांगतो, पणजीहून रायबंदरला जाणारा जुना बांधरस्ता घ्या. १६३० च्या दशकात बांधलेला, तीनेक किलोमीटर, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाजन. पुढे रायबंदरहून फेरीबोटीने चोडण किंवा दिवाडी. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य, पावणेदोन चौरस किलोमीटरचं, पण शेकाटे, खंडे, तुतवार भरपूर. सकाळी साडेसहाला पोहोचा, नऊला परत. ऊन आणि वारा दोन्ही टळतात.

भटक्या_पेण
थोडं अवांतर : जानेवारीत या भागात संध्याकाळी सायकल चालवलीत तर शेताशेतातून पोपटीचा वास येतो. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होतो, त्याच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं करून भोवती जाळ. पाणी-तेलाचा थेंब नाही.

अनघा_पी
तेल लागत नाही, पण नंतर सायकल पुढे सरकतही नाही. आम्ही एकदा पोपटीला थांबलो आणि चौघंही त्याच शेतात झोपलो.

सान्वी_डेल्फ्ट
हे वाचून मी तिकिटं बघायला लागलेय!

चेनतेल
परत सायकलकडे. खारी हवा लोखंड खाते. खाडीकाठची फेरी झाली की त्याच दिवशी सायकल गोड्या पाण्याने धुवा. पाण्याचा झोत जोरात मारू नका, बेअरिंगमध्ये जातो. फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग चेनला तेल. सीटपोस्ट वर्षातून दोनदा तरी बाहेर काढून ग्रीस लावा. माझा अॅल्युमिनिअमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये असा धरला की शेवटी कापून काढावा लागला. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल, की ते एकमेकांना चिकटणारच. टायर २८ चे पुरतात, फक्त हवा ठासून भरू नका. वजनानुसार ७०-७५ पीएसआय बास. बांधाच्या कडेला बाभळीचे काटे असतात, दोन ट्यूब सोबत ठेवा.

पाणी तीन बाटल्या. सावली नाही हे ताईंचं निरीक्षण बरोबर आहे. दिवाळी ते होळी एवढाच हंगाम समजा.

नवा_गडी
अटल सेतूवरून सरळ जाता येईल का? बोटीचा त्रास वाचेल.

भटक्या_पेण
नाही. २१.८ किलोमीटरचा सेतू आहे, पण दुचाकीला मज्जाव आहे, मग सायकल कुठली. रो-रोच बरी. बोटीवरून कान्होजींचा खांदेरी दिसतो, तेही बघून होतं.

आणि ताईंच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर : फेरी उलटी करा. म्हणजे परतच येऊ नका! उशिराच्या बोटीने मांडव्याला उतरा, बाराला निघा, वारा पाठीवर घ्या आणि पोयनाड, वडखळ करत पेणला संपवा. रात्री पेणला राहा, नाहीतर गाडीने घरी. फक्त तिथी बघून निघा, दुपारी बाराची भरती नको. अष्टमी-नवमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, धरा.

गुरुजी_६१
अनुमोदन. वडखळच्या आधीचा हमरस्ता तेवढा जपून.

मुलुंडची_सायकल
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय. भटक्या म्हणाले तसंच केलं. कृष्ण नवमी होती. पावणेबाराला मांडव्याहून निघाले, वारा पाठीवर. शहापूरपर्यंत २७-२८ ने आले आणि धाप लागली नाही. वारा पाठीवर असला की कानात आवाजच नसतो, हे पहिल्यांदा कळलं. चेनचा आवाज, टायरचा आवाज, लांबून कुणाची तरी हाक, सगळं ऐकू येतं.

शहापूरच्या पुढे थांबले. बांधावर एक आजोबा बसले होते, त्यांना विचारलं, 'उघाडी कुठे आहे?' ते आधी माझ्याकडे आणि मग सायकलकडे बघत राहिले. शहरातून आलेल्या कुणी असं विचारलं नव्हतं म्हणाले. स्वतः उठून दाखवायला आले. फळी काळी पडलेली, कडेला कालवं चिकटलेली, खालच्या बाजूला नवीन लाकडाचा एक तुकडा ठोकलेला. तो त्यांनीच गेल्या पावसाळ्याआधी ठोकला. ओहोटी संपत आली होती. झडप बोटभर उघडी होती आणि आतलं पाणी बारीक धारेने बाहेर जात होतं. खाडीचं पाणी चढायला लागेपर्यंत आम्ही दोघं तिथे बसलो. शेवटी धार थांबली आणि फळी चौकटीला लागली. 'धप्' ऐकू नाही आलं, खारेपाटकर. आजोबा म्हणाले, तो आवाज पावसात येतो, शेत भरलेलं असतं तेव्हा.

मग चरीला गेले. पेणला पोहोचेपर्यंत साडेपाच वाजले. हँडलला पांढऱ्या कांद्याची एक माळ आहे, दोन ठिकाणी सायकलच्या तारेत अडकली पण शाबूत आली.

खारेपाटकर
ताई, ते आजोबा कोण असतील ते ओळखलं. त्यांना सांगतो तुम्ही लिहिलंय म्हणून. जुलैमध्ये या, सायकल घरी ठेवून. आवाज ऐकवतो.

भटक्या_पेण
आणि निवट्यांचं कालवण राहिलंय. पेणला आलात आणि कळवलंही नाहीत?